चारोळीचा वृक्ष आणि तोडणीची तारीख

श्रीखंड, बासुंदी, साखरभात, मसाल्याचे दूध किंवा करंजीचे सारण यांत चारोळी घालण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. सणावाराच्या दिवसांत तरी चारोळीची लहानशी पुडी आणली जात नाही असे घर विरळाच. तथापि ही चारोळी ज्या वृक्षापासून मिळते तो वृक्ष प्रत्यक्ष पाहिलेली माणसे फार थोडी असतील. काजू किंवा बदाम यांच्याप्रमाणे ही बागेतील उपज असावी, अशी अनेकांची समजूत असते. शहरातील शाळकरी मुलास चारोळी म्हणजे काय असे विचारल्यास चार ओळींची कविता हेच उत्तर मिळण्याचा संभव अधिक. वस्तुतः बाजारात येणारी जवळजवळ सर्व चारोळी रानातील, कोणीही न लावलेल्या झाडांची असते. कडक उन्हाळ्यात डोंगरउतारावर हिंडून ती वेचणारी, सोलणारी आणि फोडणारी कुटुंबे बहुतांशी आदिवासी असतात.

किरकोळ बाजारात चारोळीचा दर किलोमागे हजार रुपयांहून अधिक असतो. रानातून फुकट मिळणाऱ्या वस्तूस एवढे मोल आले म्हणजे तिच्यावर सर्वांचीच दृष्टी जाते, आणि चारोळीच्या बाबतीत नेमके तेच घडले आहे. पूर्वी वैशाखात पिकून काळी झाल्यावर उतरवली जाणारी फळे आता अनेक ठिकाणी चैत्रातच, हिरवी असताना ओरबाडली जातात. फळ कच्चे असल्याने दाणा भरत नाही, म्हणून संकलकास दाम कमी मिळतो. बी पक्व नसल्याने ते रुजत नाही, म्हणून वनात नवे झाड उभे राहत नाही. झाडाची आजची कमाई आणि उद्याचे अस्तित्व अशी दोन्ही एकाच चुकीने घटत आहेत. ही चूक सुधारण्यास मोठ्या खर्चाची योजना लागत नाही. गावाने तोडणीची तारीख ठरवावी आणि ती पाळावी, एवढेच लागते. मात्र ही साधी गोष्ट प्रत्यक्षात अवघड का होते, हे समजण्यासाठी वृक्षाचा आणि त्याच्या हंगामाचा परिचय आवश्यक आहे.

आम्रकुलातील रानवट नातलग

चारोळीच्या वृक्षास विदर्भात नुसते ‘चार’ असेही म्हणतात. संस्कृत ग्रंथांत तो ‘प्रियाल’ या नावाने येतो. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’तील वसंतवर्णनात प्रियालाच्या मोहोराचे परागकण डोळ्यांत गेल्याने हरणांची दृष्टी अडखळते, असा उल्लेख आहे. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव बुकॅनानिया लँझान असे आहे. त्यातील पहिला शब्द फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश वैद्याच्या व वनस्पतिसंग्राहकाच्या सन्मानार्थ योजलेला आहे. अलीकडील काही ग्रंथांत हीच जाती बुकॅनानिया कोचिनचायनेन्सिस या नावाखाली दिलेली आढळते. दोन नावे पाहून दोन निरनिराळे वृक्ष असल्याचा समज करून घेऊ नये.

आंबा, काजू, बिब्बा आणि चारोळी ही चारही झाडे एकाच कुलातील, म्हणजे आम्रकुलातील होत. हे नाते ध्यानी घेतले की चारोळीचे पुष्कळसे वर्तन आपोआप उलगडते. आंब्याप्रमाणे तिला फांद्यांच्या टोकांस मोहोर येतो. फळही आंब्याप्रमाणे आठळीचेच, म्हणजे बाहेर साल, आत गर आणि मध्यभागी कठीण कवचाची आठळी अशा रचनेचे असते. फरक इतकाच की आंब्यात मोल गराला असते, तर चारोळीत आठळीच्या आतील मगजाला.

वृक्ष मध्यम उंचीचा असतो आणि सामान्यतः दहा ते पंधरा मीटरपर्यंत वाढतो. ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे त्याची साल. ती गडद करडी ते काळपट असून तिला उभ्याआडव्या भेगा पडून लहान लहान चौकटी तयार होतात. मगरीच्या पाठीची आठवण व्हावी असे तिचे रूप दिसते. पाने जाड, चामट, लांबट व टोकाशी बोथट असतात. पानाच्या मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंस निघणाऱ्या शिरा सरळ व समांतर असून त्या सहज मोजता येतात. साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात हिरवट पांढऱ्या बारीक फुलांचा मोहोर येतो आणि एप्रिलच्या अखेरीपासून मे-जूनपर्यंत फळे पिकतात. फळ जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाचे व किंचित चपटे असते. कच्चे असताना ते हिरवे असते, पिकू लागले की त्यावर जांभळट छटा येते आणि पूर्ण पिकल्यावर ते काळे होते. गर थोडा, पण गोड असतो. गुराख्यांची मुले तो आवडीने खातात.

मध्य भारतातील उष्ण व शुष्क पानझडी वने हे या वृक्षाचे खरे घर होय. मध्य प्रदेश व छत्तीसगड ही त्याची प्रमुख राज्ये असून ओडिशा, झारखंड, गुजरात व आंध्र-तेलंगणातही तो आढळतो. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया व भंडारा येथील वने, अमरावती जिल्ह्यातील मेळघाट आणि नंदुरबार जिल्ह्यातील सातपुडा हे त्याचे मुख्य प्रदेश आहेत. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगरपाड्यांत आमचुराप्रमाणेच चारोळी हाही उन्हाळ्यातील उत्पन्नाचा आधार आहे. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू, सालई यांच्या सोबतीने हा वृक्ष उथळ, मुरमाड, खडकाळ जमिनीत वाढतो. जेथे नांगर चालत नाही अशा उतारांवर तो तग धरतो. पाणी साचणारी जमीन मात्र त्यास मानवत नाही.

त्याचे लाकूड हलके व कमी टिकाऊ असते. इमारती लाकडाच्या हिशेबात या झाडाला फारशी किंमत नव्हती, ही गोष्ट एका परीने त्याच्या पथ्यावर पडली आणि एका परीने मुळावर आली. लाकडासाठी त्यावर कुऱ्हाड चालली नाही. परंतु सागासारख्या जातींवर लक्ष केंद्रित करणाऱ्या वनव्यवस्थापनात त्याच्या जोपासनेचा स्वतंत्र विचारही फारसा झाला नाही.

फळापासून दाण्यापर्यंत

चारोळीचा दाणा हातात घेतला तर तो मसुरीपेक्षा थोडा मोठा, फिकट तपकिरी व मऊ लागतो. त्याच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग स्निग्धांशाचा व सुमारे पाचवा भाग प्रथिनांचा असतो. म्हणूनच ज्या घरांना बदाम कधीच परवडले नाहीत, त्यांच्या आहारात रानातील हे फळ महत्त्वाचे होते. आज नेमके उलट घडते. दाणा बाजारात जातो आणि तो गोळा करणाऱ्याच्या घरी क्वचितच शिजतो.

फळ उतरवल्यापासून दाणा हाती येईपर्यंतचे काम कष्टाचे व बहुतांशी स्त्रियांचे आहे. आणलेली फळे रात्रभर पाण्यात भिजत ठेवतात. सकाळी ती हाताने किंवा तागाच्या पोत्यावर घासून साल व गर काढून टाकतात. उरलेल्या आठळ्या स्वच्छ धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवतात. या वाळलेल्या आठळीस व्यापारात ‘गुठली’ असे म्हणतात. नंतर ती दोन दगडांमध्ये किंवा जात्यात हलक्या हाताने भरडली जाते आणि सुपाने पाखडून कवच व दाणे वेगळे केले जातात. जात्याच्या दोन तळ्यांमधील अंतर थोडे चुकले तरी दाणा तुटतो, आणि तुटलेल्या दाण्यास निम्न प्रतीचा भाव मिळतो. आता लहान यंत्रेही उपलब्ध झाली आहेत. त्यांनी वेळ वाचतो. परंतु आठळ्यांची आकारानुसार प्रतवारी करून मगच त्या यंत्रात टाकाव्या लागतात, अन्यथा लहान आठळ्या न फुटताच निसटतात व मोठ्यांतील दाणा चिरडतो.

आठळीच्या वजनात कवचाचाच वाटा मोठा असतो. पक्व फळाची आठळी फोडली तरी वजनाचा चौथा-पाचवा हिस्साच दाणा म्हणून हाती येतो. कच्च्या फळाच्या आठळीत कवच तेवढेच, पण आतील मगज आक्रसलेला, सुरकुतलेला आणि कित्येकदा नाममात्र. व्यापारी मूर्ख नसतो. तो मूठभर आठळ्या दगडाने फोडून पाहतो आणि कच्चा माल दिसताच संपूर्ण पोत्याचा भाव पाडतो. ज्या फळाला आणखी तीन-चार आठवडे झाडावर राहू दिले असते तर भरलेला दाणा मिळाला असता, तेच फळ अशा रीतीने अर्धेमुर्धे दाम घेऊन जाते.

या प्रक्रियेत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ओले फळ नाशवंत असते आणि सोललेला दाणा तेलकट असल्याने काही काळाने खवट होतो. परंतु नीट वाळवलेली आठळी कवचाच्या आत दाण्याला सुरक्षित ठेवते. मे महिन्यात गोळा केलेली आठळी कोरड्या जागी साठवून पुढे दसरा-दिवाळीच्या सुमारास, म्हणजे मागणी वाढल्यावर, फोडून विकता येते. निसर्गाने दिलेली ही साठवणुकीची सोय शेतकऱ्याच्या कित्येक पिकांनाही लाभलेली नाही. ती वापरता येण्यासाठी मात्र मधले काही महिने थांबण्याची ऐपत हवी.

फळे हिरवी का तोडली जातात

कच्च्या तोडणीचा विषय निघाला की संकलकांचे अज्ञान किंवा हाव असे कारण सहजपणे पुढे केले जाते. हे कारण खरे नाही. हिरव्या आठळीत दाणा नसतो हे डोंगरपाड्यातील लहान मुलासही ठाऊक असते. तरीही ती तोडली जाते, याचे कारण झाडाच्या मालकीत आहे.

समजा, एखाद्या पाड्यालगतच्या वनात चारोळीची काही झाडे आहेत आणि तेथे चाळीस कुटुंबे राहतात. त्यांपैकी एका कुटुंबाने फळ पिकेपर्यंत थांबावयाचे ठरवले. दुसऱ्या कुटुंबाने तसे ठरवले नाही, तर थांबणाऱ्याच्या वाट्यास रिकाम्या फांद्या येतात. म्हणजे थांबण्याचा तोटा थांबणाऱ्याला आणि फायदा न थांबणाऱ्याला. मग प्रत्येकजण दुसऱ्याच्या आधी एक दिवस जाण्याचा विचार करतो. यंदा एक आठवडा आधी, पुढल्या वर्षी दोन आठवडे आधी, असे होत होत हंगाम मागे सरकत जातो. शेजारच्या गावचे लोक येतील ही भीती त्यात भर घालते. यात प्रत्येक कुटुंबाचा निर्णय त्याच्या दृष्टीने शहाणपणाचाच असतो. सर्वांचा मिळून होणारा परिणाम मात्र सर्वांना हानिकारक ठरतो. ज्या गोष्टीचा दोष एकट्या माणसाकडे नाही, ती एकट्या माणसास उपदेश करून सुधारत नाही.

दुसरे कारण रोख रकमेच्या चणचणीचे आहे. खरिपाचे धान्य संपत आलेले, लग्नसराई सुरू झालेली आणि पुढील पेरणीच्या बियाण्याची चिंता, असे चैत्र-वैशाखाचे दिवस असतात. आठवडी बाजारात तेल-मिठासाठी चार पैसे हवे असतात. व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घेतली असेल तर माल त्याच्या सोयीने द्यावा लागतो. पलीकडच्या बस्तरमध्ये एकेकाळी मिठाच्या मोबदल्यात चारोळी दिली जात असे, हे प्रसिद्धच आहे. त्या व्यवहारातील विषमता आज इतक्या उघड स्वरूपात राहिलेली नसली, तरी गरजवंताने घाईने विकावे आणि सधनाने सावकाश विकावे हा नियम पुष्कळ अंशी कायम आहे.

तिसरी गोष्ट तोडणीच्या पद्धतीची. एकाच झाडावरील सर्व फळे एकदम पिकत नाहीत. पिकलेली तेवढी उतरवावयाची तर तीन-चार खेपा कराव्या लागतात. घाईत असलेला माणूस फांदीच तोडून खाली टाकतो आणि सावलीत बसून फळे ओरबाडतो. ज्या फांदीवर पुढील वर्षीचा मोहोर यावयाचा, तीच अशा रीतीने नाहीशी होते. क्वचित प्रसंगी संपूर्ण झाडच आडवे केले जाते.

याचा परिणाम वनात स्पष्ट दिसतो. अनेक भागांत चारोळीचे जुने वृक्ष आहेत, पण त्यांच्याखाली तरुण झाडे व रोपे आढळत नाहीत. गावात केवळ वृद्ध दिसावेत आणि मुले दिसू नयेत, तशी ही स्थिती आहे. अपक्व बी रुजत नाही. पक्व बी पडले तरी कठीण कवचामुळे ते मुळातच सावकाश व कमी प्रमाणात रुजते. रुजलेले रोप पहिली काही वर्षे अगदी मंद वाढते, आणि त्या काळात मोहफुले वेचण्यासाठी किंवा तेंदूला नवी पालवी यावी म्हणून लावलेल्या आगीत ते होरपळते, अथवा गुरांच्या पायदळी जाते. आगीनंतर काही रोपे मुळापासून पुन्हा फुटतात. पण दरवर्षी आग लागल्यास तीही शक्ती संपते.

चारोळीचे पिकलेले फळ अस्वल, वानर आणि अनेक पक्षी खातात. त्यांच्या विष्ठेतून आठळ्या दूरवर पसरतात. हिरवी असतानाच सर्व फळे नेली तर या प्राण्यांचे उन्हाळ्यातील अन्न जाते आणि वनाचे हे फुकटचे बीजारोपणही थांबते.

तारीख ठरवण्याचा अधिकार

गावाने एकत्र येऊन तोडणीचा दिवस निश्चित करणे हा यावरील उपाय असल्याचे वर म्हटले आहे. असा दिवस ठरवण्याची कल्पना नवी नाही. गडचिरोली व बस्तरमधील गोंड-माडिया समाजात नव्या हंगामाचे फळ विधी झाल्याशिवाय खाऊ नये असा दंडक आहे. आंब्याचा ‘मर्का पंडुम’ हा सण त्यांपैकीच एक. या सणाचा धार्मिक आशय त्या समाजाचा स्वतःचा आहे. परंतु सर्वांनी एकाच दिवसापर्यंत थांबावे ही शिस्तही त्यातून आपसूक पाळली जाते. जेथे बाजाराचा दबाव वाढला तेथे अशी शिस्त टिकवणे अवघड झाले. आता तिला कायद्याचे पाठबळ मिळाले आहे, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावयास हवी.

अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या १९९६ च्या केंद्रीय अधिनियमाने, म्हणजे ‘पेसा’ने, गौण वनोपजाच्या मालकीचा विषय ग्रामसभा व पंचायतींकडे सोपवला. महाराष्ट्राने त्यास अनुसरून १९९७ मध्ये कायदा केला आणि २०१४ मध्ये पेसाचे नियम प्रसिद्ध केले. त्याहून व्यापक तरतूद वनहक्क मान्यता अधिनियम, २००६ मध्ये आहे. परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करणे, वापरणे व विकणे हे हक्क या अधिनियमाने अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांना दिले. याशिवाय सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्मिती व व्यवस्थापन करण्याचा हक्कही मान्य केला. हा अधिनियम अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू आहे. त्यामुळे ‘आमचे गाव पेसात नाही’ म्हणून गोंदिया-भंडाऱ्याकडील गावाने हात बांधून बसण्याचे कारण नाही.

या अधिनियमाच्या पाचव्या कलमाकडे अनेकदा दुर्लक्ष होते. हक्कांची चर्चा होते आणि कर्तव्यांचे कलम मागे राहते. सामूहिक वनसंपत्तीचा वापर कोणी, केव्हा व कसा करावा याचे नियमन करण्याचे, तसेच वन्यप्राणी, वने व जैवविविधता यांस बाधक अशी कृती थांबवण्याचे निर्णय घेण्याचा व त्यांचे पालन होईल हे पाहण्याचा अधिकार या कलमाने ग्रामसभेस दिला आहे. चारोळीच्या तोडणीची तारीख ठरवणारा ठराव हा या अधिकाराचा अगदी साधा व सरळ वापर होय.

ग्रामसभा आपल्यावरच बंधन घालून घेईल काय, अशी शंका काही अधिकारी व्यक्त करतात. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचे उदाहरण याचे उत्तर देते. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर या गावाने तेंदूपानांचे संकलनच बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात आणि तेंदूची फळे माणसांना व पाखरांना मिळेनाशी होतात, हे ग्रामस्थांनी पाहिले होते. हाती येणारी रोख रक्कम सोडण्याचा हा निर्णय सोपा नव्हता. त्यापूर्वी, २००९ मध्ये, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाला होता, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचे पुस्तकच त्या ग्रामसभेच्या हाती आले. ज्या वनावर आपला अधिकार निश्चित आहे, त्या वनासाठी गाव थांबू शकते. अधिकार अनिश्चित असेल तर मात्र थांबणे म्हणजे दुसऱ्यासाठी सोडणे, असाच त्याचा अर्थ होतो.

ठरावाचा मसुदा लांबलचक असण्याची आवश्यकता नाही. तारीख पंचांगावरून किंवा तालुक्याच्या परिपत्रकावरून ठरवू नये. उंची, उतार व पाऊस यांनुसार फळ कोठे आधी तर कोठे उशिरा पिकते. एप्रिलच्या अखेरीस गावातील जाणत्या स्त्री-पुरुषांनी वनात फिरून झाडे पाहावीत, काही आठळ्या फोडून दाणा भरला आहे किंवा नाही याची खात्री करावी आणि मगच दिवस जाहीर करावा. फांदी तोडण्यास बंदी, आकडीने किंवा झाडाखाली कापड अंथरून फळ उतरवणे, काळी फळे तेवढी घेऊन हिरवी पुढील खेपेस ठेवणे आणि प्रत्येक झाडावर फळांचा काही हिस्सा, समजा पाचवा, पाखरांसाठी व बियांसाठी राखणे, एवढे मुद्दे पुरेसे आहेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेजारच्या गावांशी बोलणी. दोन गावांच्या सीमेवरील वनात एकाच गावाने तारीख पाळली तर वर सांगितलेलीच अडचण गावपातळीवर पुन्हा उभी राहते. लगतच्या ग्रामसभांनी संयुक्त बैठक घेऊन एकच दिवस ठरवावा. अशी बैठक घडवून आणण्यात ग्रामसेवक व वनरक्षक यांचे साहाय्य फार उपयोगी पडू शकते.

विक्रीची बाजू

तारीख पाळणाऱ्या गावास बाजारात आधार मिळाला नाही तर ठराव कागदावर राहील. गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची केंद्रीय योजना २०१३-१४ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या यादीतच चारोळीच्या आठळीचा समावेश होता. महाराष्ट्रात आदिवासी विकास महामंडळामार्फत ही योजना राबवली जाते. २०१८ मध्ये आरंभ झालेल्या वनधन केंद्रांच्या योजनेत स्वयंसाहाय्य गटांना प्रक्रिया व विक्रीसाठी साहाय्य देण्याची तरतूद करण्यात आली. वनहक्क नियमांतील २०१२ च्या सुधारणेनुसार वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समितीच देऊ शकते आणि त्यावर कोणतेही शुल्क किंवा स्वामित्वधन आकारावयाचे नाही. चारोळीची गाडी नाक्यावर अडवली गेल्यास हा नियम दाखवता यावा, म्हणून त्याची मराठी प्रत ग्रामसभेच्या दप्तरात असणे बरे.

गटाने आठळ्या एकत्र साठवाव्या, सदस्यांना काही रक्कम उचल म्हणून द्यावी आणि दिवाळीपूर्वी फोडून विकाव्या, ही पद्धत थोड्या भांडवलावर जमू शकते. उचल देण्याची सोय नसेल तर चैत्रातील रोख रकमेची गरज तशीच राहते आणि तिच्याबरोबर कच्च्या तोडणीचे कारणही.

रोपवाटिका आणि कलमे

आहेत ती झाडे राखण्याबरोबरच नवी झाडे लावणेही जरूर आहे. चारोळीची रोपे तयार करण्यात रोपवाटिकांना वारंवार अपयश येते. याची कारणे मुख्यतः दोन आहेत. पहिले म्हणजे बाजारातून आणलेले बी. ते कच्च्या फळाचे असण्याचा संभव मोठा असतो. दुसरे म्हणजे जुने बी. तेलकट बियांची रुजण्याची शक्ती लवकर घटते, म्हणून मागील हंगामाच्या आठळ्या पेरून उपयोग होत नाही. पूर्ण पिकून काळी झालेली फळे निरोगी झाडांवरून स्वतः गोळा करावीत, गर ताबडतोब धुऊन काढावा, आठळ्या सावलीत सुकवाव्यात आणि जूनमध्ये पेराव्यात. पेरणीपूर्वी आठळीच्या शिवणीवर हलका दाब देऊन कवचास तडा पाडल्यास उगवण लक्षणीय सुधारते. आतील दाण्यास इजा होणार नाही एवढी काळजी घ्यावी. सोटमूळ लवकर खोल जाते, म्हणून उंच पिशव्या वापराव्या.

बियांपासून वाढवलेले झाड फळावर येण्यास बरीच वर्षे लागतात. त्यावर कलमांचा उपाय निघाला आहे. गुजरातमधील गोध्र्याजवळील वेजलपूर येथे केंद्रीय शुष्क बागायती संस्थेचे प्रयोग केंद्र आहे. तेथे कोवळ्या खोडावरील कलमाची पद्धत यशस्वी झाली असून ‘थार प्रिया’ हा चारोळीचा निवडक वाण प्रसारित करण्यात आला आहे. कलमी झाडे तुलनेने लवकर फळतात व ठेंगणी राहत असल्याने तोडणी सुलभ होते. वनहक्काच्या वैयक्तिक पट्ट्यांवर, बांधांवर व मुरमाड पडीक जमिनीवर अशी कलमे लावण्यास पुष्कळ वाव आहे. मात्र वनातील पुनर्निर्मितीसाठी सर्वत्र एकाच वाणाची कलमे लावणे योग्य ठरणार नाही. सातपुड्यातील झाडे, गडचिरोलीतील झाडे आणि मेळघाटातील झाडे यांत फळाचा आकार, पिकण्याचा काळ व दाण्याचे प्रमाण यांबाबत फरक आहेत. हे वैविध्यच उद्याच्या निवडीचे भांडवल आहे. म्हणून वनासाठी त्या त्या भागातील पक्व बियांची रोपेच वापरावीत.

आश्रमशाळांतील शिक्षकांना या कामी सहज हातभार लावता येईल. शाळेच्या परिसरातील दहा-वीस झाडांना क्रमांक देऊन मोहोर कधी आला, फळ कधी काळे पडू लागले आणि झाडाखाली किती रोपे दिसतात याची नोंद विद्यार्थ्यांकडून दरवर्षी करवून घेता येते. उन्हाळी सुटीत शाळा बंद असली तरी मुले गावातच असतात आणि रानातही जात असतात. अशा तीन-चार वर्षांच्या नोंदी ग्रामसभेपुढे ठेवल्या, म्हणजे तोडणीच्या तारखेसंबंधीचा वाद पुष्कळसा मिटेल. कोणत्या टेकडीवरील फळ आधी पिकते आणि कोणत्या नाल्याकाठचे शेवटी, हे त्या वहीतच लिहिलेले असेल.